सीबीसीच्या कागदावर न छापलेला आकडा

केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीआधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करावी लागते. ठाण्याच्या नौपाड्यातल्या लॅबमध्ये सकाळी रक्त दिले की संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर येतो, आणि घरातली मंडळी आधी हिमोग्लोबिन व मग प्लेटलेट पाहून फोन ठेवून देतात. त्याच रिपोर्टमधल्या दोन ओळींचा भागाकार केला, तर न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर मिळते. न्यूट्रोफिल ७६ टक्के आणि लिम्फोसाइट १६ टक्के असतील, तर ते ४.७५ येईल, निरोगी माणसात ते साधारण १ ते ३ असते. अंडाशय, गर्भाशय आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगात, उपचारांपूर्वी हे गुणोत्तर चढे असलेल्या स्त्रियांचे आयुर्मान सरासरीने कमी भरते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

कर्करोगाच्या गाठीत पांढऱ्या पेशी असतात हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८६३ मध्येच नोंदवले होते. लिम्फोसाइट कर्करोगाच्या पेशी मारतात. न्यूट्रोफिल मात्र गाठीच्या सान्निध्यात पुष्कळदा फितूर होतात, म्हणजे तिला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देणारी द्रव्ये सोडतात आणि लिम्फोसाइटना दडपतात.

अंडाशयाच्या कर्करोगात प्लेटलेटची गोष्ट अधिक उलगडली आहे. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातील संशोधकांनी २०१२ साली ६१९ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ३१ टक्के स्त्रियांत निदानाच्या वेळी प्लेटलेट साडेचार लाखांच्या वर होत्या आणि त्यांचे आयुर्मान इतरांहून कमी होते. गाठ इंटरल्युकिन-६ हे दाह वाढवणारे प्रथिन सोडते, त्याने यकृत प्लेटलेट वाढवणारे थ्रॉम्बोपोएटिन हे संप्रेरक अधिक बनवते, त्याने अस्थिमज्जा प्लेटलेट वाढवते, आणि वाढलेल्या प्लेटलेट पुन्हा गाठीलाच पोसतात. रक्तातले सीआरपी हे प्रथिन वाढणे आणि अल्ब्युमिन हे प्रथिन घटणे हीसुद्धा कर्करोगाने शरीरात चेतवलेल्या याच दाहाची चिन्हे होत.

तरीही घरी बसून हा भागाकार करू नये, असे मला वाटते. पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधाआधी ॲलर्जी टाळण्यासाठी दिलेल्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने न्यूट्रोफिल वाढतात व लिम्फोसाइट घटतात. पांढऱ्या पेशी वाढवण्याच्या इंजेक्शननेही न्यूट्रोफिल उसळतात. ठाण्याच्या पावसाळ्यातल्या डेंग्यूत तर प्लेटलेट कोसळतात. शिवाय बहुतेक अभ्यास जुन्या फायली चाळून केलेले आहेत, आणि धोक्याची रेषा कुणी २ वर ओढतो, कुणी ५ वर. म्हणून रोगाचा टप्पा आणि शस्त्रक्रियेनंतर उरलेली गाठ यांना जे वजन आहे, ते या आकड्याला अजून नाही, आणि केवळ त्यावरून कुणाचे औषध बदलले जात नाही.

डॉक्टरांना तो पाहायचा असला, तर उपचार सुरू होण्यापूर्वीचा रिपोर्ट लागतो. खारघरच्या ॲक्ट्रेकला, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्राला, किंवा अन्यत्र दुसरे मत घ्यायला निघताना नेमका तोच कागद फाइलमध्ये नसतो. तो पहिल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबर कपाटात राहिलेला असतो.