प्येतुर ग्वुद्मुंदसॉन

प्येतुर ग्वुद्मुंदसॉन (जन्म १९५८, रेक्याविक) हा आइसलंडचा बास्केटबॉलपटू. उंची २.१८ मीटर म्हणजे सात फूट दोन इंच, जागा सेंटरची, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूची. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या मॅचमध्ये प्रत्यक्ष कोर्टवर उतरलेला आइसलंडचा हा एकच खेळाडू. २००३ मध्ये योन आर्नोर स्तेफान्सॉनला डॅलस मॅव्हरिक्सने करारावर घेतलं होतं, पण सीझनची एकही मॅच त्याच्या वाट्याला आली नाही.

नावाचं आधी सांगायला हवं. इंग्रजी स्पेलिंग बघून पीटर किंवा गुडमुंडसन लिहिलं जातं, पण आइसलंडिकमध्ये पहिल्या नावातला स्वर 'ये'सारखा आहे आणि दुसऱ्या शब्दात ग नंतर हलका व ऐकू येतो, त्यापुढचं व्यंजन द आणि थ यांच्या मधलं, म्हणून इथे द घेतलाय. शिवाय हे आडनाव नाहीच, ग्वुद्मुंदुरचा मुलगा एवढाच अर्थ, आपण वडिलांचं नाव मधे लावतो तसं, फक्त त्यापुढे काही नसतं, आणि तिकडे पहिल्या नावानेच ओळखतात म्हणून पुढे प्येतुर.

अमेरिकेत मर्सर आयलंड हायस्कूल, मग प्रशिक्षक मार्व्ह हार्शमन यांच्या हाताखाली वॉशिंग्टन विद्यापीठ. १९८१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सने तिसऱ्या फेरीत, ६१ वा घेतला.

एनबीएतला पहिला युरोपीय कोण हा वाद इथूनच सुरू होतो. जन्मच धरायचा तर हँक बियासाट्टी इटलीत जन्मलेला आणि १९४६ मध्येच टोरंटो हस्कीजकडून खेळलेला, पण तो वाढला कॅनडात. स्वेन नेटर नेदरलंड्समध्ये जन्मला तरी लहानपणीच अमेरिकेत आला. उलट टोक गाठलं तर अमेरिकन कॉलेजात न शिकता थेट युरोपातून आलेला पहिला म्हणजे बल्गेरियाचा गेओर्गी ग्लुचकोव्ह, १९८५, फिनिक्स सन्स. प्येतुर या दोन टोकांच्या मधे बसतो: वाढला आइसलंडमध्ये, घडला बराचसा अमेरिकेत. जन्मापेक्षा माणूस कुठे वाढला ते महत्त्वाचं मानणाऱ्यांचं म्हणणं जास्त पटण्यासारखं आहे, आणि तसं धरलं तर पहिला मान प्येतुरचा, जरी कॉलेजचा मुद्दा पुढे करणारे ते मान्य करणार नाहीत.

१९८१–८२ मध्ये पोर्टलंडसाठी ६८ मॅचेस. तिथला मुख्य सेंटर होता बहामाजमध्ये जन्मलेला मायकल थॉम्पसन. पुढे काही वर्षांच्या खंडानंतर १९८६ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सने प्येतुरला सीझनच्या शेवटी घेतलं, करीम अब्दुल-जब्बारच्या मागे राखीव म्हणून, ८ मॅचेस. फेब्रुवारी १९८७ मध्ये लेकर्सने प्येतुर, फ्रँक ब्रिकॉव्स्की आणि ड्राफ्टचे हक्क वगैरे सॅन अँटोनिओ स्पर्सला देऊन बदल्यात घेतला तोच जुना सहकारी थॉम्पसन, आणि त्याच वर्षी लेकर्स चॅम्पियन झाले. स्पर्सकडून १९८९ पर्यंत. एकूण १५० मॅचेस, म्हणजे आकडा छोटा वाटेल, पण ज्या देशाची लोकसंख्या तेव्हा अडीच लाखांच्याही आत होती तिथून आलेल्या पोराने हे केलंय.

एनबीएत खेळल्याची किंमतही होती. फीबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या स्पर्धांत एनबीएच्या खेळाडूंना १९८९ पर्यंत बंदी होती, त्यामुळे ऐन उमेदीच्या वर्षांत देशाच्या संघाची दारं बंद, आणि सेंटरच्या जागी एवढा उंच माणूस छोट्या देशाला दुसरा कुठून मिळणार.

नंतर तो आइसलंडमध्ये तिंदास्तोल क्लबकडून खेळला.