गुंगी आली म्हणजे गोळी लागू पडली का?

भाताची मळणी सुरू झाली की बेळगाव-खानापूर भागातल्या मेडिकल दुकानांत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "मागच्या टायमाला दिल्लासा तीच गोळी द्या, चांगली गुंगी येत्या." शेजारचं गिऱ्हाईक तेच कन्नडमध्ये मागत असतं, "नेगडी गुळगी कोड्री." आपल्याकडे नाक गळायला कारणं भरपूर आहेत. खळ्यावरचा भुसा, निपाणीच्या वखारीतली तंबाखूची धूळ, वडगाव-शहापुरातल्या मागांवरून उडणारा सुताचा कचरा, आणि बांधाबांधावर माजलेलं काँग्रेस गवत. त्यामुळे सर्दीची गोळी लागते, हे खरं. पण गुंगी आली म्हणजे औषध लागू पडलं, हा समज साफ चुकीचा आहे. नाक थांबणं आणि डोळे मिटणं या दोन वेगळ्या जागी घडणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी नाकातलं बघू. नाकाच्या अस्तरात मास्ट पेशी असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर आयजीई नावाची प्रतिपिंडं रोवलेली असतात. ओळखीचा परागकण या प्रतिपिंडांना चिकटला, की पेशी आपल्याजवळचा हिस्टामिनचा साठा बाहेर सोडते. हे हिस्टामिन रक्तवाहिन्यांवरच्या आणि मज्जातंतूंवरच्या एच-१ रिसेप्टरवर, म्हणजे हिस्टामिनचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनावर, जाऊन बसतं. त्याने वाहिन्या पाझरतात, अस्तर सुजतं, खाज सुटते आणि एकामागून एक शिंका येतात. घरातून निघताना कुणी शिंकलं म्हणून आजही माणसं उंबऱ्यावर थबकतात, पाणी पिऊन मग निघतात. त्या शिंकेत शकुन-अपशकुन काही नाही. मज्जातंतूच्या टोकाला हिस्टामिन लागलं, बहुधा एवढंच तिचं कारण.

आता मेंदू. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात चेतापेशींचा एक छोटा पुंजका आहे. तोही हिस्टामिनच वापरतो, पण आपल्याला जागं ठेवण्यासाठी. आपण जागे असताना या पेशी संदेश पाठवत राहतात आणि झोपेत जवळपास गप्प होतात. मेंदूतले एच-१ रिसेप्टर आणि नाकातले एच-१ रिसेप्टर सारखेच. सर्दीच्या गोळीतलं अँटिहिस्टामिन औषध हे रिसेप्टर अडवून हिस्टामिनला रोखतं. म्हणजे ते मेंदूत शिरलं, तर ते जागेपणाचा संदेशच दाबून टाकणार. प्रश्न एवढाच उरतो, की ते मेंदूत शिरतं का?

याचं उत्तर मला औषधशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात, की रक्तातले पदार्थ फटीतून झिरपू शकत नाहीत. जायचं तर पेशीच्या स्निग्ध पडद्यातूनच जायचं. क्लोरफेनिरामिन हा अँटिहिस्टामिनांतला जुना, १९४० च्या दशकात आलेला रेणू. तो लहान आहे, चरबीत सहज विरघळतो, म्हणून सरळ आत जातो. पण या पेशींच्या पडद्यात पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा एक पंपही बसवलेला असतो. १९७६ मध्ये टोरांटोत ज्युलियानो आणि लिंग यांनी तो शोधला, तोही मेंदूत नव्हे, तर औषधाला दाद न देणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींत. या प्रथिनाला आतल्या बाजूने तोंड असलेली एक पोकळी असते. रेणू तिच्यात अडकला, की एटीपी या पेशीतल्या इंधनाच्या ऊर्जेवर प्रथिन आपला आकार बदलतं, पोकळीचं तोंड बाहेर वळतं आणि रेणू पुन्हा रक्तात फेकला जातो. नावेत शिरणारं पाणी सतत उपसत राहावं, तसं हे काम अखंड चालतं.

हा पंप किती महत्त्वाचा आहे, हे १९९४ मध्ये नेदरलँड्समध्ये योगायोगाने दिसलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी तो पंप नसलेले उंदीर तयार केले होते. उंदरांच्या खोलीत किडे झाले म्हणून आयव्हरमेक्टिन हे किडे मारणारं नेहमीचं औषध फवारलं. साध्या उंदरांना काही झालं नाही, पंप नसलेले मात्र मरू लागले. औषध त्यांच्या मेंदूत साठलं होतं.

सेटिरिझिन आणि फेक्सोफेनाडिन या नव्या अँटिहिस्टामिनांना हाच पंप ओळखतो. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या औषधांपुढे मात्र तो निष्प्रभ ठरतो. सेटिरिझिनची गंमत अशी, की हायड्रॉक्सिझिन या भरपूर झोप आणणाऱ्या औषधापासून आपलं शरीरच ते बनवतं. रेणूच्या टोकाशी असलेल्या अल्कोहोल गटाचा कार्बोक्झिलिक आम्ल गट होतो. त्यामुळे एकाच रेणूवर धन आणि ऋण असे दोन्ही भार येतात आणि मेंदूची वाट अवघड होते. पूर्ण बंद होत नाही, म्हणून सेटिरिझिनने काहींना सुस्ती येते. फेक्सोफेनाडिन जवळजवळ आत जातच नाही. जपानी संशोधकांनी मेंदूचे पेट (PET) स्कॅन करून मेंदूतले किती रिसेप्टर औषधाने व्यापले ते मोजलं. निम्म्याहून अधिक व्यापणारी औषधं त्यांनी गुंगीकारक गटात टाकली आणि २० टक्क्यांहून कमी व्यापणारी गुंगी न आणणाऱ्या गटात. नाकाचा आराम दोन्ही गटांत मिळतो.

क्लोरफेनिरामिनचं प्रमाण रक्तात निम्म्यावर यायला प्रौढांत साधारण २० तास लागतात. रात्री घेतलेली गोळी सकाळी उसाचा ट्रॅक्टर घेऊन निघणाऱ्याच्या मेंदूत अजून असते. झोप आल्यासारखं वाटलं नाही, तरी ब्रेकवर पाय जायला उशीर होतो. त्यात दारू किंवा झोपेची गोळी पडली, तर परिणाम आणखी वाढतो.

एवढं झालं एका घटकाचं. दुकानात मिळते ती बहुधा मिश्र गोळी असते. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत तीन ओळी दिसतात: पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, फेनिलेफ्रिन १० मिलिग्रॅम, क्लोरफेनिरामिन २ मिलिग्रॅम. चार गोळ्या कापून घेतल्या, की या ओळी अनेकदा दुकानातल्या तुकड्यावरच राहतात. म्हणून कापण्याआधी त्या वाचून घ्याव्यात किंवा मोबाइलवर फोटो काढावा.

पॅरासिटामॉल ताप आणि वेदनेसाठी आहे. धुळीच्या शिंकांत त्याचा काही उपयोग नाही, पण हिशेबात ते मोजलं जातंच. ही मिश्र गोळी दिवसातून तीनदा घेतली तर १५०० मिलिग्रॅम. अंग मोडतंय म्हणून ६५० ची वेगळी गोळी चारदा घेतली तर २६००. बेरीज ४१००, आणि प्रौढांसाठी २४ तासांची कमाल मर्यादा ४०००. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेत असाल, तर मर्यादा याहून खाली येते.

फेनिलेफ्रिनबद्दल मी स्पष्टच लिहितो: पोटातून घेतलं, तर ते चोंदलेलं नाक उघडत नाही. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतातच त्याचा बराचसा भाग निकामी होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने एकमताने हाच निष्कर्ष काढला. तरी रक्तदाब जास्त असणाऱ्याने ते टाळावंच. आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ औषध-मिश्रणांवर बंदी घातली, त्यांत सेटिरिझिन, पॅरासिटामॉल आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रणही होतं. लहान मुलांचं तर आणखी जपावं लागतं. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश भारताच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. घरात मोठ्याची उरलेली बाटली आहे म्हणून चमचाभर बाळाला पाजणं कृपा करून थांबवा.

म्हाताऱ्या माणसांत क्लोरफेनिरामिन लघवी अडवू शकतं, विशेषतः प्रोस्टेट वाढलेलं असेल तर. काचबिंदूचा एक प्रकारही त्याने बळावतो. लिवोसेटिरिझिन या सेटिरिझिनच्याच भावंडासोबत माँटेलुकास्ट हे ॲलर्जी-दम्याचं औषध असलेली गोळी सध्या फार खपते. माँटेलुकास्टने काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, क्वचित आत्महत्येचे विचार असे त्रास होतात. म्हणून २०२० पासून अमेरिकेत माँटेलुकास्टवर ठळक चौकटीतला इशारा छापतात. घरातलं कुणी ही गोळी सुरू केल्यावर बदललेलं दिसलं, तर लगेच डॉक्टरांना सांगा.

ज्यांचं नाक दर हंगामात महिनामहिना चोंदतं, त्यांना डॉक्टर बहुधा स्टेरॉइडचा नाकातला फवारा देतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून लोक तो टाकून देतात, पण त्याचा पूर्ण गुण यायला दोन आठवडेही लागू शकतात. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारायचा, नळीचं टोक कानाच्या दिशेला ठेवायचं. मधल्या पडद्यावर फवारला, तर घोळणा फुटतो.