बायोलॉजिक इंजेक्शनं लागू न पडणारा दमा : गोष्ट सुरू होते बेडक्यापासून

पंप झाला, पंपाचा डोस वाढवून झाला, स्टिरॉइडच्या गोळ्या झाल्या, तरी रात्री उशीला टेकून बसूनच काढावी लागते. अशा रुग्णांसाठी गेल्या वीसेक वर्षांत बायोलॉजिक इंजेक्शनं आली, म्हणजे दम्यामागच्या सुजेचा एखादा ठरावीक दुवाच अडवणारी औषधं. काहींचं आयुष्य त्यांनी पालटलं, काहींना मात्र ती लागूच पडत नाहीत. असं का होतं, याचा धागा 1958 सालच्या इंग्लंडपर्यंत जातो.

डर्बी शहरात हॅरी मॉरो ब्राउन नावाचे छातीच्या विकारांचे डॉक्टर होते. दोनच वर्षांपूर्वी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत जुनाट दम्यावर कॉर्टिझोन या स्टिरॉइडचा फारसा गुण दिसला नव्हता. ब्राउन मात्र रुग्णाचा बेडका काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघत. इओसिन या तांबड्या रंगाने रंगणाऱ्या पांढऱ्या पेशींना इओसिनोफिल म्हणतात. त्या ज्यांच्या बेडक्यात सापडल्या, त्यांचा दमा प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडने निवळला. ज्यांच्या बेडक्यात त्या नव्हत्या, त्यांना गुण आला नाही. दोन्ही तऱ्हेचे रुग्ण एकत्र मोजले, की सरासरीत फायदा बुडून जातो. इतकी साधी, स्वस्त तपासणी पुढे कितीतरी वर्षं दवाखान्यांत रुजली नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये फ्रेडी हारग्रीव्ह यांच्या चमूने 1990च्या दशकात मिठाच्या पाण्याची वाफ देऊन कफ काढायची पद्धत पक्की केली. 1999 साली इंग्लंडमधल्या लेस्टरचे डॉक्टर इयन पॅव्हर्ड यांनी इओसिनोफिल नसलेला, स्टिरॉइडला दाद न देणारा दमा नोंदवला. तरीही जुनी चूक पुन्हा झालीच. इओसिनोफिल घटवणारं मेपोलिझुमॅब हे बायोलॉजिक सरसकट रुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा 2007च्या चाचणीत ते फसलं. 2009 मध्ये इओसिनोफिल असलेले रुग्ण निवडून दिलं, तेव्हा दम्याचे झटके कमी झाले. अमेरिकेत ओमालिझुमॅबला 2003 मध्ये, मेपोलिझुमॅबला 2015 मध्ये, बेनरालिझुमॅबला 2017 मध्ये आणि डुपिलुमॅबला 2018 मध्ये दम्यासाठी परवानगी मिळाली. ही सगळी औषधं ॲलर्जी आणि इओसिनोफिलच्या वाटेवरची आहेत.

ज्यांच्या कफात न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी असतात किंवा कुठल्याच पेशी वाढलेल्या नसतात, त्यांच्या वाट्याला बरीच वर्षं निराशाच आली. गोलिमुमॅब या दुसऱ्या एका बायोलॉजिकच्या चाचणीत गंभीर जंतुसंसर्ग आणि कर्करोग आढळले, ती थांबवावी लागली. 2013 मध्ये ब्रोडालुमॅब हे बायोलॉजिकही निष्प्रभ ठरलं.

दिलासा मिळाला तो जुन्या, ओळखीच्या औषधाकडून. 2017 साली ऑस्ट्रेलियातल्या 420 रुग्णांच्या चाचणीत आठवड्यातून तीनदा 500 मिलिग्रॅम ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक 48 आठवडे दिलं. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांना वर्षाकाठी सरासरी 1.86 झटके आले, तर औषध घेणाऱ्यांना 1.07, आणि इओसिनोफिल नसलेल्यांनाही फायदा झाला. मात्र हे औषध मनानं घ्यायचं नाही. आधी ईसीजी हवा, ऐकू येण्याकडे लक्ष हवं, आणि कफात क्षयाच्या कुळातले जंतू नाहीत याची खात्री हवी.

टायोट्रोपियमचा पंपही या रुग्णांच्या कामी येतो. त्याचं मूळ आपल्या ओळखीचं आहे. धोतऱ्याचा धूर ओढून दमा शमवण्याची रीत 1802च्या सुमारास मद्रासहून ब्रिटनला गेली. धोतऱ्यातलं ॲट्रोपिन श्वासनलिकेचा स्नायू सैल करतं, आणि टायोट्रोपियम त्याच जातकुळीतलं, पण सुरक्षित. धोतरा विषारी आहे, घरी प्रयोग करू नये.

2010 साली अमेरिकेत ब्रॉन्कियल थर्मोप्लास्टीला मान्यता मिळाली. दुर्बिणीतून बारीक तार आत घालून श्वासनलिकेच्या भिंतीला सुमारे 65 अंश सेल्सिअस उष्णता देत, म्हणजे जाड झालेला स्नायू कमी होई. हे तीन बैठकांत होई, आणि प्रत्येक बैठकीनंतर काही दिवस दमा उलट वाढू शके. 2021 मध्ये आलेलं टेझेपेलुमॅब हे बायोलॉजिक श्वासनलिकेच्या अस्तरातूनच निघणारा सुजेचा इशारा अडवतं. रक्ताच्या दर मायक्रोलिटरमध्ये इओसिनोफिल 300 पेक्षा कमी असलेल्यांतही त्याने झटके सुमारे 41 टक्के घटवले.

एक गोष्ट मात्र दवाखान्यात वारंवार निसटते. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना रक्तातले इओसिनोफिल दडून जातात, आणि ‘तुमच्यात ते नाहीत’ असा निकाल चुकीचा निघू शकतो. म्हणून गोळ्या सुरू होण्याआधीचे सीबीसीचे, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे जुने रिपोर्ट, पिवळे पडलेले का असेनात, पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यावेत.