कापरेकरांचा ४९५ आणि नऊच्या पायातली गंमत

जानेवारीत कापरेकरांची जयंती आली की ६१७४चे मेसेज फिरू लागतात. त्यांच्या शेपटाला हल्ली ‘विश्वाचं गूढ’ही चिकटलेलं असतं. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत हा स्थिरांक मांडला. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या, वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. सगळे अंक सारखे नसतील तर जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतो आणि तिथेच राहतो.

पण हा गुण संख्येचा की लिहिण्याच्या पद्धतीचा? ६१७४ला ७ने तीनदा भाग जातो, हा संख्येचा गुण. ती कुठल्याही पायात लिहा (पाया म्हणजे किती झाले की पुढच्या घरात एक जातो तो आकडा; आपला नेहमीचा १०), तो हलत नाही. आठचा पाया घेतला तर हीच संख्या १४०३६ अशी लिहावी लागते. चार अंकांचे पाच झाले, खेळ तिथेच बिघडला.

संख्या अशी एका जागी का थांबते याचं कारण पाहायचं तर तीन अंकांवर हाच खेळ केला की येणारा ४९५ घ्यावा, मला तोच जास्त आवडतो. ७३१ − १३७ = ५९४. मग ९५४ − ४५९ = ४९५. मधे ९ कुठून आला? मधला अंक दोन्हीकडे तोच असतो. एककात लहानातून मोठा जात नाही म्हणून दशकाकडून हातचा घेतला. दशक आता एकाने उणा, त्याने शतकाकडून घेतला. त्यामुळे मधे ९ ठरलेलाच. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतला फरक ‘फ’ धरला, तर शतकात फ − १ आणि एककात १० − फ उरतात. दोन्ही टोकांची बेरीज कायम ९. म्हणजे पुढच्या फेरीतला फरक (९ वजा लहान टोक) हा मोठ्या टोकाइतकाच! ५९४मध्ये मोठं टोक ५, म्हणून नवा फ ५. त्यातून ४९५, मोठं टोक पुन्हा ५. संपलं.

आता १०च्या जागी कुठलाही पाया ‘प’ ठेवा. मधे प − १, टोकांची बेरीजही प − १. पाया सम असेल तर ही बेरीज विषम, टोकं सारखी होऊच शकत नाहीत, आणि फ शेवटी प/२ वर बसतो. आठच्या पायात ३७४, बाराच्या पायात ५, अकरा, ६ (आपल्या दशमानात ८५८).

पाया विषम असला की मात्र थारा नाही. नऊच्या पायात फ = ५ दिला की ४८४ येतो; त्याचा फरक ४, म्हणून ३८५; त्याचा फरक ५, पुन्हा ४८४. हेलपाटे चालूच.

अंकशास्त्रवाले ६+१+७+४ = १८, म्हणजे ९, म्हणजे मंगळ, असं सांगतात. त्याच अंकांची उलटापालट करून वजा केलं की उत्तराला ९ने भाग जाणारच, मग संख्या कुठलीही असो. आठच्या पायात हा मान ७ला मिळतो. तेव्हा मंगळाने कुठे जायचं?

चार अंकांना मात्र सम-विषमचा हा सोपा नियम पुरत नाही, कारण तिथे बाहेरच्या जोडीचा आणि आतल्या जोडीचा असे दोन फरक एकमेकांत अडकतात. पाचचा पाया विषम, तरी तिथे ३०३२ ठाण मांडून बसतो: ३३२०मधून ०२३३ वजा करा, हातचा पाचाचा घेऊन.