स्थापन, विस्थापन व गुंफणवाचक शब्द, इंग्रजीतील

वस्तू जागी ठेवणे, ती जागेवरून हलवणे आणि धागे वा पट्ट्या एकमेकांत अडकवणे या क्रियांचे वाचक असलेले इंग्रजी शब्द. ‘सेट’, ‘ले’, ‘वीव्ह’, ‘ब्रेड’ (braid, पाव नव्हे) हे जुन्या इंग्रजीतले जर्मानिक, म्हणजे जर्मन, डॅनिश आदी भाषांच्या कुळातले शब्द. ‘प्लेस’, ‘डिस्प्लेस’, ‘इंटरलेस’, ‘पोझिशन’ हे मूळचे लॅटिन, बहुतांशी फ्रेंचमार्गे आलेले. ‘ठेवणे’ हा यांतल्या फार थोड्या शब्दांचा मूळ अर्थ आहे.

‘पुट’ हा रोजच्या वापरातला शब्द असूनही त्याचे मूळ धूसर आहे. जुन्या इंग्रजीच्या अखेरच्या काळात ‘चिथावणी’ या अर्थाचे नाम आणि ‘ढोसणे, ढकलणे’ या अर्थाची जवळची क्रियापदे सापडतात. डॅनिश व आइसलँडिक भाषांत सदृश रूपे आहेत, पण जर्मानिक कुळात त्यापलीकडे भक्कम आधार मिळत नाही. मूळ अर्थ ‘रेटणे’ असावा, असे मानणे सयुक्तिक वाटते. गोळाफेकीच्या ‘शॉटपुट’मध्ये तो आजही जिवंत आहे: खेळाडू गोळा मानेला लावून खांद्यापासून पुढे रेटतो, भिरकावत नाही. गोल्फमधील ‘पटिंग’ हेही याच शब्दाचे वेगळ्या उच्चाराचे रूप.

‘सेट’ आणि ‘ले’ ही अनुक्रमे ‘सिट’ (बसणे) आणि ‘लाय’ (आडवे पडणे) यांची प्रयोजक रूपे; मराठीत ‘बसणे’पासून ‘बसवणे’ व्हावे तशी. मराठीचा प्रत्यय उघड दिसतो. इंग्रजीचा झिजून गेला आणि मागे फक्त स्वरबदल राहिला. शिवाय ‘लाय’चे भूतकाळी रूप नेमके ‘ले’ असेच होते. या दोन क्रियापदांतला गोंधळ मध्ययुगापासूनचा आहे. व्याकरणकारांची नापसंती त्या मानाने अलीकडची. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या वीस खंडी आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’चीच होती. मात्र भांड्यांचा ‘सेट’ म्हणतो तेव्हाचे नाम मुळात वेगळे. ते लॅटिन ‘सेक्ता’पासून, म्हणजे अनुयायांचा गट या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे आले आणि पुढे या क्रियापदात मिसळून गेले, असे सामान्यतः मानतात.

‘पोझ’ या घटकाची व्युत्पत्ती अधिक गुंतागुंतीची आहे. ‘कंपोझ’, ‘एक्स्पोझ’, ‘डिपोझ’, ‘सपोझ’ हे शब्द लॅटिन ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे या धातूपासून आले, असे सहज वाटते. ‘कंपोझिशन’, ‘एक्स्पोझिशन’ ही नामे तिथूनच आली आहेत. पण क्रियापदांतला ‘पोझ’ फ्रेंच ‘पोझे’मार्गे ‘पाउसारे’ या उत्तरकालीन लॅटिन धातूकडे जातो. त्याचा अर्थ ‘थांबणे, विसावणे’, आणि तो ‘विराम’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून बनलेला. ‘विसावणे’चे ‘विसावायला ठेवणे’ झाले आणि ‘पोनेरे’च्या भूतकालवाचक धातुसाधिताशी त्याचे ध्वनिसाम्य जुळले, त्यामुळे फ्रेंचमध्ये या आगंतुकाने मूळ धातूची जागा घेतली. परिणामी ‘कंपोझ’ व ‘कंपोझिशन’ एकाच कुटुंबातले दिसतात, पण त्यांचे मूळ धातू वेगळे. याउलट ‘कंपोझ’पासून दूरचा भासणारा ‘कंपाउंड’ मात्र ‘पोनेरे’चा थेट वारस आहे, ‘पोस्टपोन’ आणि ‘ओपोनंट’ही. ‘पोनेरे’ स्वतः ‘सोडणे, राहू देणे’ या अर्थाच्या ‘सिनेरे’ला उपसर्ग लागून झाला, हे मत आता बहुतांशी स्वीकारले गेले आहे.

‘प्लेस’ म्हणजे मुळात रुंद रस्ता. ग्रीकमधील ‘प्लातेइया’, त्यावरून लॅटिन ‘प्लातेआ’, मग फ्रेंच ‘प्लास’ असा त्याचा प्रवास. इटालियन ‘पियात्सा’, स्पॅनिश ‘प्लाझा’ आणि जर्मन ‘प्लाट्झ’ ही त्याचीच भावंडे. त्यामागच्या ‘रुंद’ या अर्थाच्या ग्रीक विशेषणाचा संस्कृत ‘पृथु’शी (रुंद, विस्तीर्ण) संबंध निर्विवाद आहे, म्हणजे ‘पृथ्वी’ही याच गोतावळ्यातली. ‘लोकेट’ आणि ‘डिसलोकेट’मधला लॅटिन ‘लोकुस’ (जागा) पूर्वी ‘स्त्लोकुस’ असा होता. काही अभ्यासक त्याला संस्कृत ‘स्थल’शी जोडतात. ही जोडणी मोहक आहे, पण ‘पृथु’च्या तोडीची खात्री तिथे नाही.

‘डिस्प्लेस’ सोळाव्या शतकात रुळला. पुढे शास्त्रांनी त्याला काटेकोर अर्थ दिले. मैदानाला पूर्ण फेरी मारून मूळ जागी परतलेल्या माणसाने अंतर कापलेले असते, पण पदार्थविज्ञानाच्या हिशेबात त्याचे विस्थापन शून्य. जहाजाचे ‘डिस्प्लेसमेंट’ म्हणजे त्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. तरंगत्या जहाजाच्या बाबतीत ते जहाजाच्या एकूण वजनाइतके भरते. आंतरराष्ट्रीय व्यवहारात, १९९८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, घरदार सोडावे लागूनही देशाची सीमा न ओलांडलेला तो ‘अंतर्गत विस्थापित’. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारातील ‘निर्वासित’ याहून वेगळा: तो देशाबाहेर असतो.

गुंफणीच्या शब्दांत ‘लेस’चा उगम ‘लाक्वेउस’ म्हणजे फास या लॅटिन शब्दात आहे. गुरे पकडण्याचा ‘लासो’ही त्यातलाच. नाजूक जाळीचे कापड हा अर्थ नंतरचा. ‘इंटरलेस’ चौदाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचमधून आला. ‘ब्रेड’ म्हणजे वेणी घालणे. पण त्याच्या जुन्या इंग्रजी रूपाचा अर्थ ‘झटक्याने हलवणे, तलवार उपसणे’ असाही होता. वेणी घालताना पेड झटकन एकावरून दुसऱ्यावर जातो, तिथे हे दोन्ही अर्थ भेटत असावेत. ‘वीव्ह’चा धातू वैदिक ‘ऊर्णवाभि’ म्हणजे कोळी या शब्दाच्या उत्तरपदात दिसतो. आपल्या परिचयाचे ‘ऊर्णनाभि’ हे त्याचे ‘नाभी’च्या प्रभावाने बदललेले रूप असावे. ‘ट्वाइन’ व ‘ट्विस्ट’ यांत ‘दोन’ ही संख्या दडली आहे: दोन पदरांचा पीळ.

तांत्रिक परिभाषेत ‘इंटरलेस्ड’ हा शब्द दूरचित्रवाणीत स्थिरावला. आधी विषम ओळी, मग सम ओळी रेखून दोन अर्ध्या चित्रांचे एक चित्र करायचे, ही पद्धत १९३६ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ४०५ ओळींच्या प्रक्षेपणात होती.