अतिदक्षता विभागातील परिचारिकाबळ : महासाथीतील विस्तार (मुंबई)

महासाथीत आयसीयूच्या खाटा एकाएकी वाढवाव्या लागतात. त्या खाटांसाठी प्रशिक्षित परिचारिका थोड्या दिवसांत उभ्या करणे, आणि तेवढ्या मिळत नसतील तर असलेल्यांचे काम नव्याने वाटून देणे, याला परिचारिकाबळाचा विस्तार म्हणता येईल. मुंबईत कोविड-१९च्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, या दोन्ही वाटा वापराव्या लागल्या.

खाटा आणि व्हेंटिलेटर विकत आणता येतात. जीएनएम हा परिचर्येचा पदविका अभ्यासक्रमच ३ वर्षांचा आहे, आणि तो पुरा करून आलेल्या सिस्टरचा आयसीयूत हात बसायला आणखी काळ जातो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात आयसीयूसाठी दर पाळीला एका रुग्णामागे एक परिचारिका आणि रजेपोटी ३० टक्के राखीव बळ असे प्रमाण आहे. १० खाटांना तीन पाळ्यांच्या ३० आणि राखीव धरून ३९ परिचारिका लागतात. पीपीई किट चढवले की पाणी पिणे नाही, लघवीला जाणे नाही. म्हणून अनेक ठिकाणी पाळी ६ तासांची झाली. पाळ्या चार झाल्यावर तोच आकडा ५२ होतो. एका परिचारिकेकडे दोन रुग्ण दिले तरी २६ हव्यातच, आणि यात स्वतः बाधित होऊन विलगीकरणात गेलेल्या धरलेल्या नाहीत. साथीआधीही हा निकष बहुतेक ठिकाणी कागदावरच होता, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी वाट, म्हणजे असलेल्यांचे काम वाटून देण्याची, थरांची. अमेरिकेतील सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन या संस्थेने मार्च २०२० मध्ये तिचा आराखडा मांडला. आयसीयूतली अनुभवी सिस्टर गटाची प्रमुख असते आणि वॉर्ड, ओटी (शस्त्रक्रियागृह) किंवा ओपीडीतून आलेल्या सिस्टर तिच्या हाताखाली काम करतात. व्हेंटिलेटरचे आकडे, नळीतले सक्शन, रक्तदाब टिकवणाऱ्या औषधांचे पंप यांकडे अनुभवी सिस्टर पाहते. स्पंजिंग, कूस बदलणे, नाकातल्या नळीवाटे आहार, नोंदी ही कामे इतरांकडे जातात. रुग्णाला पालथे घालायला चार-पाच जण लागतात आणि श्वासनलिकेतली नळी सांभाळणारा एक जण डोक्याशी उभा असावा लागतो. त्यामुळे काही रुग्णालयांनी या एका कामाचे वेगळे पथकच केले. ही पद्धत वाटते तितकी स्वस्त नाही : नवख्या सिस्टरवर लक्ष ठेवण्यात अनुभवी सिस्टरचाच वेळ जातो. ब्रिटनमध्ये पहिल्या लाटेत एकास एकचे प्रमाण एकास सहापर्यंत सैल करण्याची मुभा होती. नोव्हेंबर २०२० मध्ये ती मर्यादा एकास दोनवर आणली गेली.

मुंबईत एप्रिल २०२० मध्ये नायर रुग्णालय कोविडसाठी राखीव झाले. मरोळचे सेव्हन हिल्स महापालिकेने कोविड रुग्णालय म्हणून चालवले. वांद्रे-कुर्ला संकुल, गोरेगावचे नेस्को, मुलुंड, दहिसर येथे जम्बो केंद्रे, म्हणजे मोठी तात्पुरती कोविड रुग्णालये, उभी राहिली. मे २०२० मध्ये महाराष्ट्राने केरळकडे ५० तज्ज्ञ डॉक्टर आणि १०० परिचारिका मागितल्या, आणि जूनमध्ये तिथले पथक सेव्हन हिल्समध्ये आले. मल्याळी सिस्टर मुंबईला नव्या नाहीत. राज्याने पत्र लिहून त्या मागवाव्यात, हे मात्र नवे होते.

मुंबईपुरता आणखी एक प्रश्न होता, लोकलचा. २३ मार्चपासून लोकल बंद होत्या आणि अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी त्या १५ जूनला सुरू झाल्या. मधल्या काळात कल्याण, विरार, पनवेलकडच्या सिस्टरांना बेस्ट आणि एसटीच्या गाड्यांवर विसंबावे लागले. ६ तासांच्या ड्यूटीला जाऊन-येऊन आणखी कित्येक तास जात. हॉटेलांत केलेली मुक्कामाची सोय त्यामुळे चैनीची बाब नव्हती. तिने संसर्ग घरी जाणे टळे आणि पाळीही वेळेवर भरे.

दुसऱ्या लाटेत, ३ मे २०२१ रोजी, केंद्र सरकारने बीएस्सी नर्सिंग आणि जीएनएम झालेल्यांना वरिष्ठ डॉक्टर व परिचारिकांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड सेवेत घेण्यास परवानगी दिली. कोविड सेवेत १०० दिवस पूर्ण करणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य मिळेल, असेही तेव्हा जाहीर झाले. जम्बो केंद्रांतली बरीच भरती कंत्राटी होती. केंद्रे बंद होताच कंत्राटेही संपली आणि आयसीयूचे काम नुकते अंगवळणी पडलेल्या अनेक सिस्टर पुन्हा नोकरी शोधू लागल्या.