अस्थिभंग शस्त्रक्रियेतील निष्काळजीपणाचे दावे (नाशिक जिल्हा)

अपघातात मोडलेल्या हाडावर उपचार करताना डॉक्टरांनी किंवा रुग्णालयाने योग्य काळजी न घेतल्याने इजा झाली, असे सांगून मागितलेली नुकसानभरपाई. हाड न जुळणे, वाकडे जुळणे, जखमेत पू होणे, प्लेट किंवा रॉड तुटणे हे उत्तम उपचारांनंतरही घडते; तेवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही. सर्वसाधारण कुशल डॉक्टरने त्या परिस्थितीत जे केले असते ते झाले का, एवढेच पाहिले जाते.

या विषयावरचा पायाभूत निकाल महाराष्ट्रातलाच आहे. मे 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. पुण्यात पुरेशी भूल न देता जोर लावून ते बसवण्यात आले आणि शॉकने तो दगावला. वडिलांना मिळालेली 3,000 रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये कायम केली. रुग्ण स्वीकारायचा का, कोणता उपचार करायचा आणि तो कसा द्यायचा, या तिन्ही टप्प्यांवर काळजी घेणे डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे त्यात ठरले.

सुरगाणा, पेठकडचा जखमी नाशिकला पोहोचेपर्यंत काही तास गेलेले असतात. मुंबई-आग्रा किंवा नाशिक-पुणे महामार्गावरच्या अपघातात अनेकदा डोके, छाती, पाय सगळेच जायबंदी असते; आधी जीव वाचवावा लागतो. म्हणून केसपेपरवर प्रत्येक तपासणीची वेळ लिहिणे अत्यंत मोलाचे आहे. नडगीच्या फ्रॅक्चरमध्ये पोटरीच्या स्नायूंतला दाब वाढून रक्तपुरवठा थांबू शकतो. पायाची नाडी लागत असली तरी हा धोका असतो. बोटे हलवताच असह्य कळ येणे ही त्याची खूण. साधारण 6 तासांत स्नायूंवरचे आवरण कापून दाब मोकळा केला नाही, तर पाय कायमचा जाऊ शकतो. रात्रभर कण्हणाऱ्या रुग्णाला फक्त वेदनाशामक इंजेक्शन दिले आणि तपासल्याची नोंदच नसेल, तर डॉक्टरांना बचाव करणे फार कठीण जाते. नातेवाइकांनी मागितल्यास कागदपत्रे 72 तासांत देणे बंधनकारक आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. सर्वांवर मोफत उपचार करणारे सरकारी रुग्णालय त्यात येत नाही. तिथे दिवाणी दावा करावा लागतो. 2019 च्या कायद्यामुळे तक्रारदार राहत्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो, त्यामुळे मुंबईत शस्त्रक्रिया झालेला सिन्नरचा रुग्णही नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. बिल 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. फौजदारी गुन्ह्यासाठी मात्र गंभीर स्वरूपाचा निष्काळजीपणा लागतो (सर्वोच्च न्यायालय, 2005) आणि पोलिसांना आधी तटस्थ, शक्यतो सरकारी डॉक्टरचे मत घ्यावे लागते.

ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत 2 वर्षे आहे. सबळ कारण असल्यास विलंब माफ होतो. हाड जुळलेच नाही हे ठरायला बहुधा 6 ते 9 महिने जातात, त्यामुळे हाती उरणारा वेळ वाटतो त्याहून कमी असतो.